ड जीवनसत्त्व 11 आलंय. घरातलं सारखं व्हायरल यामुळेच का?

मृणाल_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते.

गणपतीपासून आमच्या घरात कोणी ना कोणी अंथरुणात आहे. आधी धाकटीला ताप, मग नवऱ्याला, मग मला, आणि मी उठते न उठते तोच सासूबाईंना. दर वेळी एकच उत्तर: "व्हायरल आहे, चार-पाच दिवसांत उतरेल." ताप उतरतो, खोकला मात्र पाहुण्यासारखा ठाण मांडून बसतो. लोक नाशिकची हवा चांगली म्हणून इथे फ्लॅट घेतात आणि आमच्याकडे वाफेचं मशीन माळ्यावर जायचं नाव घेत नाही.

दिवाळीआधी नवऱ्याच्या कंपनीच्या पॅकेजमध्ये माझीही रक्ततपासणी झाली. बाकी सगळं बरं, फक्त ड जीवनसत्त्व 11, शेजारी ठळक अक्षरांत "कमतरता". डॉक्टरांनी 60,000 युनिटची कॅप्सूल आठवड्याला एक, असे 8 आठवडे सांगितलंय. रिपोर्टाचा फोटो बहिणींच्या ग्रुपवर टाकला आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक म्हणते प्रतिकारशक्तीचं मूळच हे, म्हणून तर तुम्ही सारखे आजारी. दुसरी म्हणते आठवड्याला दोन घे, लवकर भरून निघेल. सासूबाईंचं वेगळंच: "कशाला गोळ्या? सकाळी सातला गच्चीत कोवळ्या उन्हात बस." माझं काम घरून, टेबल खिडकीपाशी, अकरापर्यंत ऊन थेट लॅपटॉपवर येतं. बाहेर पडले तर स्कूटीवर सनकोट, स्टोल, हातमोजे, म्हणजे डोळे सोडून सगळं झाकलेलं.

तर विचारायचं असं की 11 आहे म्हणून आम्ही आजारी पडतोय का? कोर्स झाल्यावर हे थांबेल का? ऊन कधी घ्यायचं? आणि त्याच स्ट्रिपमधली एखादी लेकीला (वय 12) दिली तर चालेल का? सासूबाईंनाही द्यावी म्हणते, पण त्यांना मागे मुतखडा झाला होता.

निफाडकर_द्राक्षवाला

ताई, तुम्ही खिडकीत बसता म्हणून 11. मी दिवसभर बागेत असतो तरी माझं 14 आलं होतं! डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीच विचारलं, बागेत असता तेव्हा अंगावर काय असतं? फुल बाह्या, टोपी, तोंडाला उपरणं. फवारणीला तर डोक्यापासून पायापर्यंत किट. मजूर बायका नवऱ्याचा जुना शर्ट साडीवरून घालतात आणि डोकं-तोंड बांधून घेतात, बोटं तेवढी उघडी. त्यात आपला सावळा रंग. ऊन डोक्यावर असून कातडीपर्यंत पोचत नाही.

बाकी तुमच्या ग्रुपवरच्या "दोन घे"बद्दल: आम्ही देठ परीक्षण करतो. पानाचा देठ लॅबला पाठवतो, रिपोर्टात झिंक कमी असेल तर झिंक देतो, वेल सुधारतो. कमी नसताना दिलं तर पैसे गेले, आणि जास्त दिलं तर वेलच बिघडतो. शेजारच्याच्या बागेला झिंक लागलं म्हणून मी आपल्या बागेत ओतत नाही. माणसाचं याहून वेगळं असेल असं वाटत नाही, पण जाणकार सांगतील.

निवृत्त_मायक्रो

मृणाल, तुला "तू" म्हणते, माझ्या विद्यार्थिनी आता तुझ्याच वयाच्या आहेत. मी नाशिकमध्ये कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस मला विचारू नकोस. ड जीवनसत्त्व आणि विषाणू यांचं काय नातं आहे ते मात्र फळ्यावर पुष्कळदा काढलंय, तेवढं सांगते.

उन्हातले अतिनील बी किरण कातडीवर पडले की तिथल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थापासून ड3 तयार होतं. ते यकृतात जाऊन त्याचं 25-हायड्रॉक्सी रूप होतं. तुझ्या रिपोर्टातले 11, म्हणजे एका मिलिलिटरमागे 11 नॅनोग्रॅम, हे या रूपाचे. हे रूप अजून कच्चं असतं. मूत्रपिंडात त्यावर आणखी एक प्रक्रिया झाली की कॅल्सिट्रायॉल होतं, आणि ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम शोषायला लावतं. हाडांचं प्रकरण ते हे.

हे शेवटचं काम मूत्रपिंडच करतं असं बरीच वर्षं वाटत होतं. पण अंगात दाहाच्या गाठी होणाऱ्या सारकॉइडोसिस नावाच्या आजारात, आणि काही वेळा क्षयातही, रुग्णाच्या रक्तातलं कॅल्शियम उगाच वाढलेलं सापडायचं. शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की गाठींमधल्या मॅक्रोफेज पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या आपल्या पेशी, स्वतःच कॅल्सिट्रायॉल बनवत बसल्या आहेत आणि मूत्रपिंडाचं नियंत्रण त्यांना लागू नाही. जंतूंशी लढणाऱ्या पेशीला हाडांच्या संप्रेरकाशी काय देणंघेणं? या प्रश्नाचं चांगलं उत्तर 2006 मध्ये आलं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने 'सायन्स' मासिकात दाखवलं की मॅक्रोफेजला क्षयाच्या जंतूची चाहूल लागली की ती दोन गोष्टी करते. कच्च्या रूपाचं पक्कं रूप करणारं विकर (एन्झाइम) वाढवते आणि ते पक्कं रूप ओळखणारा ग्राहीही (रिसेप्टर) वाढवते. मग पेशीत कॅथेलिसिडिन नावाचं छोटं प्रथिन बनतं आणि ते जंतूला मारतं. यासाठी लागणारा कच्चा माल पेशी आजूबाजूच्या रक्तद्रवातून घेते. ज्या रक्तद्रवात 25-हायड्रॉक्सी कमी होतं, त्यात ठेवलेल्या पेशींत कॅथेलिसिडिन कमी बनलं. वरून ते घातलं तर भरून निघालं.

विषाणूंकडे येते. इन्फ्लुएंझाच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं आणि कॅथेलिसिडिन ते आवरण बिघडवतं, हे परीक्षानळीत दिसलंय. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशीही कॅल्सिट्रायॉल बनवू शकतात. आणि एक गोष्ट मला फार आवडायची शिकवायला: कॅथेलिसिडिनच्या जनुकाजवळचं ड जीवनसत्त्वाचं बटण माणसात आणि माकडांच्या कुळात आहे, उंदरात नाही. म्हणजे उंदरावर प्रयोग करून हा भाग तपासताच येत नाही. परीक्षेत विचारला की निम्मा वर्ग गडगडायचा.

आता ग्रुपवरचं "प्रतिकारशक्ती वाढते". सरसकट वाढत नाही. कॅल्सिट्रायॉल पहिल्या फळीला जंतू मारायला मदत करतं, पण दुसऱ्या फळीतल्या टी पेशींना आवरतं. आयएल-6, टीएनएफ असे दाह पेटवणारे रेणू कमी करतं. फ्लूमध्ये किंवा कोविडमध्ये अंगाची जी मोडतोड होते तिचा बराचसा भाग आपल्याच पेशींच्या अतिउत्साहाने होतो. म्हणूनच 2020 मध्ये या जीवनसत्त्वाकडून एवढी आशा होती: विषाणूही कमी होईल आणि दाहही आटोक्यात राहील. कागदावर यापेक्षा सुंदर औषध सापडायचं नाही.

कागदावर. माणसांवरच्या चाचण्यांत काय झालं ते ऐक.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचे एड्रियन मार्टिनो यांच्या गटाने 2017 मध्ये 25 चाचण्यांमधल्या सुमारे 11,000 लोकांची माहिती एकत्र केली. श्वसनमार्गाचे संसर्ग ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत थोडे कमी दिसले. रोज किंवा आठवड्याला घेणाऱ्यांना फायदा, एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना नाही, आणि ज्यांची पातळी 10 च्या खाली होती त्यांना सर्वांत जास्त. जगभर बातम्या झाल्या. याच गटाने पुढे नव्या चाचण्या मिळवत बेरीज चालू ठेवली. 2025 च्या बेरजेत 46 चाचण्या आणि 64,000 च्या वर लोक होते, आणि फायदा इतका पातळ झाला होता की तो खरा की योगायोग हे सांख्यिकी खात्रीने सांगू शकली नाही. कमी पातळीवाल्यांचा वेगळा फायदाही तिथे टिकला नाही. आपलाच गाजलेला निष्कर्ष आपणच पुसट करून छापायचा याला हिंमत लागते, म्हणून मला हा गट आवडतो.

कोविडचंही तसंच. ब्राझीलमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या 240 लोकांपैकी निम्म्यांना एकदम 2 लाख युनिट दिले. रक्तातली पातळी झटकन वर गेली, पण घरी जायचा दिवस अलीकडे आला नाही. ब्रिटनमध्ये 6,200 लोकांवर आणि नॉर्वेत सुमारे 34,000 लोकांवर (तिथे कॉड माशाच्या यकृताचं तेल, रोज चमचाभर) चाचण्या झाल्या. दोन्हींचे निकाल 2022 मध्ये आले: संसर्ग कमी झाले नाहीत. आता नॉर्वेतल्या बहुतेकांची पातळी मुळातच बरी होती. पोट भरलेल्याला जेवायला वाढून भूक भागते का हे तपासण्यासारखं ते झालं, हे मान्य. पण मंगोलियातली मुलं तशी नव्हती. तिथे हिवाळा लांब आणि ऊन कमी, जवळपास सगळ्यांची पातळी 20 च्या खाली. उलानबातरच्या 8,851 शाळकरी मुलांना तीन वर्षं आठवड्याला 14,000 युनिट किंवा खोटी गोळी दिली. पातळी छान वाढली. क्षयाचा संसर्ग व्हायचा तेवढाच झाला. ज्या क्षयाच्या जंतूवर 2006 चा तो देखणा प्रयोग झाला होता, तोच क्षय.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: 11 मुळे घरभर व्हायरल होतंय असं म्हणायला पुरेसा आधार नाही. 11 ही पातळी भरून काढायलाच हवी, पण ती हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. सर्दी-तापावर थोडाफार फायदा झालाच तर वरकड समज.

आणि एक विचारते. रक्त दिलंस तेव्हा तापातून नुकतीच उठली होतीस का?

ओझरकर_निवृत्त

मॅडमनी अभ्यासपूर्ण लिहिलंय, पण अनुभवाला काही किंमत आहे की नाही? मी कोरोनाच्या पहिल्या लाटेपासून महिन्याला एक 60,000 ची घेतो. तेव्हापासून साधी शिंक नाही. आमच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या ग्रुपमध्ये निम्मे लोक घेतात आणि सगळे ठणठणीत आहेत. चाचण्या काय, कंपन्या हव्या तशा करून घेतात. स्वस्त औषध आहे, म्हणून त्याची बदनामी.

मृणाल_इंदिरानगर

मॅडम, "तू"च म्हणा. हो, ताप गेल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच रक्त दिलं होतं, पॅकेजची तारीख निघून जात होती म्हणून. त्याचा काही संबंध असतो का?

निवृत्त_मायक्रो

असतो. अंगात दाह असताना ही पातळी खाली येते. गुडघा बदलायची शस्त्रक्रिया झालेल्या लोकांत आधी आणि नंतर रक्त तपासलं, तर दोन दिवसांत ती बरीच घसरलेली सापडली. दोन दिवसांत कोणाच्या आहारात किंवा उन्हात एवढा फरक पडत नाही. तुझी खरी पातळी कदाचित 11 च्या थोडी वर असेल. तरी खिडकी आणि सनकोट बघता ती 30 असेल असं मला वाटत नाही, कोर्स चुकीचा ठरत नाही.

पण यातून मोठी गोष्ट कळते. कोविडमध्ये गंभीर रुग्णांची पातळी कमी सापडली आणि लगेच लोक म्हणाले, कमतरतेमुळे गंभीर झाले. काहींची पातळी आजारानेच खाली आणलेली होती. काही मुळात म्हातारे, लठ्ठ, घराबाहेर न पडणारे होते. त्यांची पातळीही कमी असते आणि आजारही जास्त होतात. आधी काय आणि नंतर काय हे एका रिपोर्टावरून ठरवता येत नाही.

ओझरकर साहेब, तुमची शिंक गेली याचा आनंद आहे. पण रोज सकाळी ट्रॅकवर चालणारा, बहुधा वेळेवर झोपणारा, शाळेत जाणारं मूल घरात नसलेला माणूस कमी आजारी पडेल हे मी गोळीशिवायही सांगितलं असतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. महिन्याला 60,000 म्हणजे दिवसाला 2,000 पडतात. त्यात डॉक्टरांना विचारलेलं असेल तर भांडण नाही. कंपन्यांचं म्हणाल, तर औषध चालत नाही असं दाखवून कंपनीला काय मिळणार? इथे तर गोळी विकणाऱ्यांनाच चाचण्यांचे निकाल गैरसोयीचे आहेत.

सिडको_औषधवाला

विकणारा हजर आहे, मॅडम 😄

सिडकोत औषधाचं दुकान आहे. मी निकालांवर बोलणार नाही, काउंटरवर काय होतं ते सांगतो. मृणालताई, "दोन घे" सांगणाऱ्या बहिणीचं अजिबात ऐकू नका.

60,000 ची कॅप्सूल चारच्या स्ट्रिपमध्ये येते, दिसायला बाकीच्या गोळ्यांसारखीच. चिठ्ठीवर आठवड्याला एक असं इंग्रजीत, घाईच्या अक्षरात लिहिलेलं. म्हातारी माणसं घरी जातात, बीपीची रोज एक, शुगरची रोज एक, तशी हीही रोज एक सुरू करतात. स्ट्रिप चार दिवसांत संपते आणि नातू नवी न्यायला येतो. एका आजोबांचं असंच झालं. मी नव्हतो, दुसऱ्या दुकानातून घेत होते. महिनाभर रोज, म्हणजे 18 लाख युनिट पोटात. भूक गेली, शौचाला कडक, सतत तहान, रात्रभर लघवीला उठणं, आणि मग बोलताना घोटाळायला लागले. घरच्यांना वाटलं वयामुळे विसराळू झाले. शेवटी कोणीतरी कॅल्शियम तपासलं, ते भलतंच वाढलेलं. दवाखान्यात सलाईन लावून दिवस काढावे लागले. ब आणि क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. हे चरबीत साठतं, उतरायला महिने लागतात.

तेव्हापासून मी स्ट्रिपवर मार्करने मोठ्या अक्षरात "फक्त रविवार" लिहून देतो. ज्यांचा रविवारी उपास नसतो त्यांना, कारण ही दुपारच्या भरल्या पोटी घ्यायची, जेवणात तेल-तूप हवं. काळ्या चहाबरोबर घेऊन उपयोग कमी. दुधाबरोबरच घ्यावी लागते असं मात्र नाही.

अजून एक गडबड म्हणजे दुहेरी-तिहेरी हिशेब. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळीत ड3 असतं. मल्टीव्हिटॅमिनमध्ये असतं. मुलाने ऑनलाइन मागवलेल्या "इम्युनिटी" गमीत असतं. वरून हा साप्ताहिक डोस. नवीन चिठ्ठी आली की मी विचारतो, घरात आणखी काय चालू आहे? लोकांना वाटतं चौकशा करतो.

सासूबाईंना खडा झालेला आहे, त्यांना परस्पर देऊच नका. आधी कॅल्शियम आणि किडनीच्या तपासण्या बघून डॉक्टर ठरवतील. लेकीला तुमच्या स्ट्रिपमधली नको. त्या वयाला रोजची गरज 600 युनिटची, आणि एका कॅप्सूलमध्ये त्याच्या शंभरपट आहे. द्यायची की नाही ते बालरोगतज्ज्ञ सांगतील, त्यांच्यासाठी रोजचे लहान डोसही मिळतात.

आणि कोणी सहा लाखांचं इंजेक्शन "एकदाच घ्या, वर्षभर बघायला नको" म्हणून सुचवलं तर दोनदा विचार करा. आमच्याकडे अजून मागणारे येतात.

निवृत्त_मायक्रो

औषधवाले, इंजेक्शनचं बरं काढलंत. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या दोन हजारांहून जास्त बायकांना वर्षातून एकदा 5 लाख युनिट तोंडाने दिले होते. 2010 मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्या बायका जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. हाडं वाचवायला दिलेल्या औषधाने! एकदम लाखो युनिट आले की शरीर ते मोडून टाकणारं विकरही वाढवून बसतं, हे त्याचं एक संभाव्य कारण. कारण काहीही असो, थोडं-थोडं नियमित हे एकदम भरपूरपेक्षा बरं.

मृणाल, तुझा उन्हाचा प्रश्न राहिला. सासूबाईंच्या हट्टापुढे हे सांगणं जड जाईल, पण सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात अतिनील बी जवळपास नसतं. सूर्य खाली असतो, किरण हवेच्या आणि ओझोनच्या जाड थरातून तिरपे येतात आणि हा भाग वाटेतच शोषला जातो. त्या उन्हात बसून प्रसन्न वाटतं, थंडीत शेक मिळतो, ते चालू ठेव. ड जीवनसत्त्वासाठी साधी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असली पाहिजे. नाशिक साधारण 20 अक्षांशावर आहे. इथे 21-22 डिसेंबरलाही, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, साडेबाराच्या सुमारास सावली उंचीपेक्षा किंचित आखूड होते. म्हणजे आपल्याला बाराही महिने दुपारचं ऊन पुरतं. नॉर्वेवाल्यांना हिवाळ्यात हे सुख नाही, म्हणून ते माशाचं तेल पितात.

तुझ्या खिडकीची काच अतिनील बी अडवते, त्यामुळे लॅपटॉपवर येणारं ते ऊन या कामी शून्य. दुपारी अकरा ते दोनच्या मध्ये कधीतरी हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ गच्चीत जा, कपडे वाळत घालायचं काम त्या वेळेवर ढकल. किती वेळ हे रंगावर आणि उघड्या अंगावर ठरतं. सावळ्या कातडीला गोरीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. कातडी चुरचुरायच्या आत सावलीत यायचं. एप्रिल-मे मध्ये हा शहाणपणा करू नकोस, उष्माघात होईल. तोंडावरचा स्टोल राहू दे, तोंड ते केवढंसं.

निफाडकर_द्राक्षवाला

मॅडम, म्हणजे आम्ही बागेत दुपारच्या सुट्टीत सावली शोधतो तेव्हाच नेमकं ऊन कामाचं असतं. कमाल आहे राव. उद्यापासून भाकरी खाताना बाह्या वर.

ते दुधाच्या पिशवीवर "+एफ" असं निळं चिन्ह असतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

सिडको_औषधवाला

आहे. ते पोषणमूल्य वाढवलेल्या पदार्थाचं सरकारी चिन्ह. दुधात आणि खाद्यतेलात अ आणि ड घातलेलं असतं. प्रमाण थोडं असतं, एकट्या दुधाने 11 चे 30 होणार नाहीत, पण शाकाहारी घरात तेवढा तरी आधार. नाहीतर अन्नातून हे मिळतं तेच मुळी अंड्याच्या बलकात आणि बांगडा, तारली अशा तेलकट माशांत. नाशिकमध्ये रोज बांगडा कोण खाणार?

मृणाल_इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना सावलीचं सांगितलं, त्या काल दुपारी स्वतः गच्चीत जाऊन सावली मोजून आल्या. बरोबर निघाली म्हणून आता सगळ्या सोसायटीला सांगत सुटल्यात.

दोन शंका शिल्लक. कोर्सनंतर परत तपासायचं का? आणि मग या सारख्या व्हायरलचं करायचं काय?

निवृत्त_मायक्रो

तपासणी: कोर्सनंतर लगेच नाही, दोन-तीन महिने गेल्यावर डॉक्टरांना वाटलं तर. या वेळी ताप-सर्दी नसताना रक्त दे. आणि दर पॅकेजमध्ये आहे म्हणून घरातल्या धडधाकट माणसांचं उठसूट मोजू नकोस. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने 2024 च्या मार्गदर्शनात निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको असंच म्हटलंय. 30 हवंच हा त्यांचा स्वतःचा जुना आग्रहही तेव्हाच सोडला. 20 च्या वर आलीस की बहुतेकांच्या हाडांना पुरतं. 60 करून दाखवण्यात काही बक्षीस नाही.

व्हायरलचं: तुमच्या घरात पहिली आजारी कोण पडली? धाकटी. शाळा सुरू, वर्ग बंद, तीस-चाळीस मुलं. नुसत्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार आहेत, एकाची ओळख झाली म्हणून दुसरा थांबत नाही. बाराव्या वर्षी मूल वर्षातून काही वेळा आजारी पडणं आणि त्याने घर फिरवून आणणं यात प्रतिकारशक्ती कमी असल्याचं काही दिसत नाही. ग्रुपवरचे उपाय म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

फ्लूपुरता एक उपाय पक्का आहे, आणि तो कोणी ग्रुपवर लिहीत नाही: लस. सासूबाईंसाठी त्यांच्या डॉक्टरांना नक्की विचार, साठीनंतर फ्लू न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. ती दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो. आपल्याकडे फ्लूची एक लाट पावसाळ्यात आणि एक जानेवारी ते मार्चमध्ये येते, त्यामुळे दुसरीच्या आधी अजून वेळ आहे. धाकटी आजारी असेल तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा, नाशिकच्या थंडीत जीवावर येतं तरी. आणि आजी-नातीचं एका ताटात जेवणं तेवढे दिवस बंद.

खोकला दोन आठवड्यांवर गेला, रात्री घाम, वजन कमी असं कोणाला झालं तर मात्र व्हायरल म्हणून सोडू नका. थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

मृणाल_इंदिरानगर

लसीचं उद्याच विचारते. स्ट्रिपवर "फक्त रविवार" लिहिलं, लेकीने वर सूर्य काढून दिलाय. नवऱ्याला खोकला अजून आहे, दोन आठवडे तर होऊन गेले, या शनिवारी तीन होतील. त्याला धरून नेते.